सवाबाचं पाणी

डाळिंबाचं तिसरं रोपही कुजलं, तेव्हा आपांनी कपाळावर हात मारून घेतला. मदरशातल्या मुलींना त्या आठवड्यातून एक तास बागकाम शिकवत. माती-पाण्याची राखण हीसुद्धा इबादतच, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या मौलानांच्या लेखी हे नसते उद्योग. चौथं रोप गेलं की हा तास बंद, त्या जागेत मोटारसायकली लावू, असं त्यांनी तोंडावर सांगून टाकलं होतं.

आणि रोपं मरत होती ती पाण्यावाचून नव्हे, पाण्यानं. झाडाला पाणी घालणाऱ्याला सवाब मिळतो, हे आपांनी इतकं रंगवून सांगितलं की पुण्य कमवायला मुलींची झुंबड उडाली. नमाजाआधी वुजूसाठी हात-तोंड धुताना पाणी जपून वापरा म्हटलं, तर वाचलेलं सगळं पाणी रोपाच्या बुंध्यात.

"अगं, सवाबापायी त्याला बुडवून मारता का?" चौथं रोप लावताना आपा करवादल्या. "मी सांगेपर्यंत रोपाजवळ कुणी फिरकायचं नाही."

मुली बिचाऱ्या फिरकल्या नाहीत. तरी माती ओलीगच्च, पानं पिवळी. आता मात्र आपांचं डोकं फिरलं. दुपारच्या नमाजानंतर त्या वर्गाच्या खिडकीआड दबा धरून बसल्या.

थोड्या वेळानं हातात तांब्या घेऊन, इकडेतिकडे बघत आले ते खुद्द मोठे मौलाना.

"मौलानासाहेब, तुम्ही?"

तांब्या पाठीमागे गेला. "तुमचा आवाज मोठा आहे, बाई. माझ्या खोलीत सगळा धडा ऐकू येतो." मग ते हळूच म्हणाले, "माझं वय झालं. त्या पोरींपेक्षा सवाबाची घाई मला जास्त नाही का?"

यावर माणसानं रागवायचं तरी कसं? आपांनी तांब्या काढून घेतला आणि त्यांना मातीत बोट घालायला लावलं.

"काय लागतंय?"

"चिखल."

"माती वाळल्याशिवाय पाणी नाही. तुमची पाळी शनिवारी, मुलींच्या रांगेत. आणि मोटारसायकली?"

"राहतील रस्त्यावर." मौलाना चिखलाच्या बोटाकडे बघत राहिले. "शनिवार फार लांब आहे, बाई. तोवर जगेल ना हो ते?"

आपांना भरून आलं. तांब्या मात्र त्यांनी परत दिला नाही.