दोन स्वस्त प्रोसेसर आणि मास्तरांची कॅसेट

मित्रांनो, संगणकाचे झाकण उघडले की आत एक छोटा पंखा फिरताना दिसतो. त्या पंख्याखाली दडलेली चौकोनी चिप म्हणजे मी. मला प्रोसेसर म्हणतात. आता मी जुना झालो आहे. स्वस्तातला मात्र मी जन्मापासूनच आहे. ज्या कारखान्यात मी घडलो, तिथेच माझे महागडे भाऊबंदही घडले. त्यांची चित्रे जाहिरातीत झळकली. आम्हाला कुणी विचारले नाही. आम्हाला खोक्यात भरून गुपचूप रवाना केले.

या हातातून त्या हातात फिरत मी नांदेडला जिलानीभाईंच्या दुकानात येऊन पडलो. त्यांचे वडील त्याच गाळ्यात रेडिओ दुरुस्त करायचे. जिलानीभाई संगणक शिकले आणि जुने संगणक नीट करून विकू लागले. तरी जुनी गिऱ्हाइके रेडिओ आणि टेपरेकॉर्डर घेऊन येतच, आणि जिलानीभाई कुणाला परत पाठवत नसत.

माझ्या शेजारच्या संगणकात दुसऱ्या कंपनीचा एक प्रोसेसर होता. तोही माझ्याच वयाचा आणि माझ्यासारखाच स्वस्त. पण तो माझ्यापेक्षा चपळ होता. मी एक गाणे उघडेपर्यंत तो दोन उघडायचा. मात्र त्याला वीज जास्त लागे, आणि नांदेडच्या उन्हाळ्यात तो असा तापे की काम अर्धे टाकून बंदच पडे. मी हळू, पण थंड डोक्याचा. दोघांत चांगला कुठला, असे कुणी विचारले की जिलानीभाई म्हणत, "हा पळतो, पण तापतो. तो चालतो, पण थांबत न्हाई. तुम्हाला पळायचंय का चालायचंय, ते बोला."

सगळ्यांना पळायचेच असे. खोटे कशाला बोलू, मला त्याचा फार राग यायचा. दुकानातले खास काम नेहमी शेजाऱ्याला मिळे. माझ्या वाट्याला बिले छापणे आणि पत्त्यांचा खेळ.

जिलानीभाईंचा एक नियम बाजारात प्रसिद्ध होता. दोन संगणकांची तुलना करायची तर आधी दोन्ही पूर्ण कोरे करायचे. एकावर जुन्या फायलींचे ओझे आणि दुसरा मोकळा, असे असेल तर शर्यत खरी होत नाही, असे ते म्हणत. गिऱ्हाइकाला फसवायचे नाही म्हणून त्यांनी हा नियम केला होता. त्याच नियमाने पुढे घात केला.

एका मे महिन्यात सौदामिनीताई दुकानात आल्या. त्या नांदेडला एका कचेरीत नोकरीला होत्या. त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढली.

"जिलानीभाई, यात उर्वीचे बाबा बोललेत," त्या म्हणाल्या. "ती आता अकरावीला लातूरला चालली. त्याच्या आधी तिला एकदा ऐकवायचंय."

उर्वीचे वडील औसा तालुक्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. सौदामिनीताई बाळंतपणाला नांदेडला माहेरी आल्या होत्या. सव्वा महिना झाला, निघायची तयारीही झाली, तेवढ्यात नांदेडला येणाऱ्या माणसाबरोबर मास्तरांनी ही कॅसेट पाठवली. घर गळते आहे, रस्त्यात चिखल आहे, दसऱ्यानंतर मीच न्यायला येतो, घाई करू नका, असे त्यात सांगितले होते. मग गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे भूकंप झाला. ते घर राहिले नाही आणि मास्तरही राहिले नाहीत.

त्या वर्षात सौदामिनीताईंनी कॅसेट इतकी वाजवली, इतकी वाजवली की आवाज खरखरीखाली बुडून गेला. उर्वीला समजू लागले तेव्हा तिला नुसती खरखर ऐकू येई.

जिलानीभाईंनी कॅसेट दिव्यापुढे धरून पाहिली. "फीत लई नाजूक झाली, ताई. एकदा वाजंल, फार तर दोनदा. पण मी करतो."

खास काम म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डरची वायर शेजाऱ्याला जोडली आणि फाइलला नाव दिले, 'मास्तर'. कॅसेट जेमतेम सुरू झाली आणि शेजारी तापून बंद पडला. सुरुवातीचा तुकडा तेवढा त्याच्यात राहिला. जिलानीभाईंनी कॅसेट जपून मागे गुंडाळली, वायर काढून मला लावली आणि तेच नाव पुन्हा दिले.

मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम. पूर्ण कॅसेट मी उतरवून घेतली. मग खरखर वेगळी आणि आवाज वेगळा करायला बसलो. शेजाऱ्याने ते झटक्यात केले असते. मला संध्याकाळची अजान होईपर्यंत वेळ लागला, पण मी थांबलो नाही. जिलानीभाईंनी कानाला हेडफोन लावला, शेवटपर्यंत ऐकले आणि रुमालाने डोळे पुसले. मग त्यांनी फोन लावला. "ताई, आवाज निघाला. एकदम साफ. येऊन ऐका."

पलीकडून सौदामिनीताई म्हणाल्या, "उर्वीचा निकाल लागू द्या. दोघी मिळून येतो. मी एकटी नाही ऐकणार."

कॅसेट परत गुंडाळताना फीत गुंतून चुरगळली आणि तिच्यावरचा तांबूस लेप बोटांना येऊ लागला. जिलानीभाई हळहळले, पण घाबरले नाहीत. आवाज तर माझ्या संगणकाच्या तबकडीवर होता.

दहावीचे निकाल लागले आणि लातूरच्या क्लासवाल्यांची धांदल सुरू झाली. तिथले रेणुकादास सर संगणक घ्यायला दुकानात आले. प्रश्नपत्रिका टाइप करायला आणि निकालाच्या याद्या लावायला त्यांना एक स्वस्त संगणक हवा होता.

"दोघांची टेस्ट घ्या," सर म्हणाले. "जो पहिला येईल तो नेतो. आमच्याकडं दुसऱ्या नंबरचं पोस्टर लागत नाही."

कोरे करण्याआधी जिलानीभाईंना मास्तर आठवले. खास काम शेजाऱ्यावरच असते, या सवयीने त्यांनी त्याच्याच फायलींचे कपाट उघडले. 'मास्तर' नावाची फाइल दिसली. तिची त्यांनी सीडी करून ठेवली. वाजवून पाहिली नाही, कारण सर सारखे घड्याळ पाहत होते. मग दोन्ही संगणक पुसायला लावले.

मला ओरडावेसे वाटत होते. पण आम्हाला सांगितलेले काम करता येते, बोलता येत नाही. पुसण्याचा हुकूमही माझ्याच हातून गेला. एवढे करून शर्यत झाली, ठरल्याप्रमाणे शेजारी पहिला आला आणि सरांच्या गाडीत बसून लातूरला गेला.

दोन दिवसांनी मायलेकी आल्या. उर्वीची बॅग बरोबर होती, दुपारच्या गाडीने ती निघणार होती. जिलानीभाईंनी दोघींना स्टूल दिले, चहा सांगितला आणि कौतुकाने सीडी माझ्यात घातली.

खरखर सुरू झाली. मग एका पुरुषाने घसा खाकरला. बोलण्याआधी माणूस खाकरतो तसा. आणि सगळे बंद झाले.

जिलानीभाईंनी पुन्हा लावले. पुन्हा तेवढेच. हरवलेल्या फायली शोधायचे जे काही त्यांच्याजवळ होते ते सगळे त्यांनी माझ्यावर चालवून पाहिले. आवाजाचे नुसते तुकडे मिळाले, आणि त्यात ना शब्द होता ना सूर.

"ताई, मी पुसून टाकलं," ते खाली बघून म्हणाले. "माझ्या हातानं. काय करू, सांगा."

"शब्द सगळे पाठ आहेत मला," सौदामिनीताई म्हणाल्या. "पण आता ते माझ्याच आवाजात ऐकू येतात, जिलानीभाई. त्यांचा कसा होता, तेच आठवेना झालंय. तुम्ही तर ऐकलात. कसा होता?"

जिलानीभाईंनी सांगायचा प्रयत्न केला. "बारीक होता. मास्तर म्हणजे जाड आवाज असंल, असं मला वाटलं होतं. पण बारीक होता, ताई."

त्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मी तर इतकी वर्षं जाडच समजून राहिले," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

मला विचाराल, तर मीही काही सांगू शकत नाही. मास्तरांचा एकूण एक शब्द माझ्यातून गेला. पण तबकडीवरचे पुसले गेले, आणि वीज गेली की माझ्याजवळ स्वतःचे काहीही उरत नाही, आम्ही घडलोच तसे. आज मी त्याच दुकानात एका डब्यात पडून आहे. मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. काहीही पुसण्याआधी ते एकदा उघडून, वाजवून बघत जा. आणि घरातले माणूस बोलत असेल तेव्हा त्याचा आवाज नीट ऐकून घ्या.

त्या दिवशी उर्वी रडली नाही. तिने स्टूल माझ्याजवळ ओढले.

"काका," ती म्हणाली, "ते खाकरणं परत लावा ना. बाबा आता बोलणारच आहेत, असं वाटतं."

गाडीची वेळ होईपर्यंत जिलानीभाई तिला तेवढेच पुन्हा पुन्हा ऐकवत राहिले.