प्लॅटिनमवरचा मळ

मी तापट आहे, असं घरातले सगळे म्हणतात आणि खोटं म्हणत नाहीत. शहात्तर साली सोलापुरात कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी.साठी डोकं फोडत होते. फॉर्मिक आम्लाच्या द्रावणात प्लॅटिनमचा पत्रा बुडवायचा, विजेचा दाब द्यायचा. पत्र्यावर आम्लाचं ऑक्सिडीकरण होऊन प्रवाह वाहतो, तो मोजायचा. पण मेला सुरुवातीला झकास वाहायचा आणि दहा मिनिटांत ढेपाळायचा.

पत्र्यावर जरा मळ बसला तरी असं होतं. भांडी धुवायच्या शालनबाई. तीन आठवडे मी त्यांना टोचून बोलले, मग सरळ प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या बसवराज सरांकडे गेले. "त्यांच्या हाताला स्वच्छता नाही," मी म्हणाले. बौद्ध घरातल्या बाईनं हे वाक्य जन्मभर ऐकलं असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. सर म्हणाले, "सोमवारी त्यांना काढतो." शालनबाईंचं घर त्याच पगारावर चालायचं.

रविवारी मी सगळं स्वतः धुतलं. भांडी आम्लात बुडवून ठेवली, दहादा शुद्ध पाण्यानं खळाळली, पत्रा ज्योतीत लाल केला. प्रवाह दहा मिनिटांत खाली. पुन्हा धुतलं, पुन्हा तेच. मग सहज दाब वाढवून पाहिला, तर पत्र्यावरचं जे काय होतं ते जळून गेलं आणि प्रवाह पुन्हा उसळला. दाब उतरवला, की पुन्हा मंद. बाहेरून काही येतच नव्हतं. आम्लच फुटताना आपला अंश पत्र्याला चिकटवत होतं.

सोमवारी शालनबाईंसमोरच सरांना सांगितलं, "मळ माझ्या आम्लातून येत होता. यांचे हात स्वच्छच होते. मी खोटा आळ घेतला." सरांनी मान डोलावली, नोकरी राहिली.

सर गेल्यावर मी म्हटलं, "चुकले हो शालनबाई."

त्या म्हणाल्या, "रोज घरी राखेनं हात घासत हुते की, बाई. मलाबी वाटाय लागलं हुतं, माज्याच हातात काय तरी हाय."

त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. मला रडू आवरेना. माझे डोळे पुसायला त्यांनी हात पुढं केला आणि अर्ध्यातच थांबवला. मीच तो ओढून गालाला लावला.