नियमातला एम

आई अंथरुणाला खिळली, तेव्हा युन-चू तैपेईची नोकरी सोडून पिंगतुंगला परतली. किनाऱ्यावरच्या मासळीच्या तळ्यांना धोक्याची सूचना पाठवणाऱ्या एका लहान कंपनीत तिला काम मिळालं. पाण्यातला प्राणवायू उतरला की तळेवाल्याचा फोन वाजायचा, आणि तो धावत जाऊन पाणी घुसळणाऱ्या जादा चक्क्या सुरू करायचा. कुठल्या गावात कोणाचे फोन वाजवायचे, हे तळ्यांवरच्या सगळ्या मशिनना एकाच कोडमधून कळायचं. तो कोड युन-चू सांभाळायची.

मासळी काढायच्या दिवसांत मजुरांचे नंबर तात्पुरते घातले जात. असा प्रत्येक नंबर आपल्या ओळीत दोन खुणांच्या मध्ये असे. ते काढायला तिने नियम लिहिला: एका खुणेपासून दुसरीपर्यंत जे असेल ते पुसायचं. नियमाला तिने एम हे अक्षर जोडलं. तैपेईत ती वेगळ्या भाषेत कोड लिहायची. तिथे एम लावला की प्रत्येक ओळ सुटी धरली जाई.

शेजारच्या टेबलावरच्या बो-रुईने डोकावून विचारलं, "ताई, इथे एम असाच चालतो ना?"

"अरे, तू शाळेत डबा सांडत होतास तेव्हापासून लावतेय मी एम."

"मग काय, आम्ही गप्प," तो हसला.

तिने एका गावावर नियम चालवून पाहिला. तिथे तात्पुरता नंबर एकच होता. तेवढाच गेला. तिने निर्धास्तपणे नियम सगळीकडे सोडला.

पण इथल्या कोडच्या भाषेत एम म्हणजे ओळ संपली तरी थांबू नको. जिथे तात्पुरते नंबर दोन होते, तिथे नियमाने पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत मधलं सगळं गिळलं. थिएनफा काकांचा नंबर त्या मधल्यांत होता.

थिएनफा काका तिच्या वडिलांचे दोस्त. पुढच्या आठवड्यात एका पहाटे वारा अगदी पडला, तळ्यातला प्राणवायू उतरला, आणि काका गाढ झोपून राहिले. युन-चू पोचली तेव्हा हेकरू मासे पोटं वर करून काठाशी साचले होते. काका-काकू जाळीने ते ओढत होते.

"फोन उशाशीच होता गं," काकू म्हणाल्या. "वाजलाच नाही."

"माझ्यामुळे, काकू. मी एक अक्षर चुकीचं लावलं."

"एक अक्षर?" काकूंना वाटलं ती काही लपवतेय. "नीट सांग की."

तिने नीट सांगितलं. ओळी, खुणा, सगळं. काकू ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे तुला ते येत होतं."

"येत होतं. दुसरीकडचं."

तिने जाळीला हात घातला, तर काकांनी तो हळूच बाजूला केला.

ऑफिसात तिने एम काढला आणि पुसलेले नंबर परत भरले. बो-रुई एकदाही 'मी विचारलं होतं' म्हणाला नाही. त्याने आपला अर्धा डबा तिच्यापुढे सरकवला. तिच्याने खाववेना.

सौर विजेच्या पाट्या बसवणारे लोक बरेच दिवस काकांच्या तळ्यांची जागा मागत होते. या खेपेला काकांनी होकार दिला. पाणी उपसलं, चक्क्या भंगारात गेल्या. काकांच्या मशिनचं नाव कोडमधून काढायचं काम युन-चूकडेच आलं. तिने ते काढलं, दोनदा तपासलं, आणि पुढच्या गावाचं काम उघडलं.