लोणीबाबा आणि लोकरीचा मोजा

भर उकाड्यात धाकटा लोकरीचे मोजे चढवून शिलाई मशीनवर बसायचा आणि अक्काच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

“अरे, पायांना थंडी वाजते की लाज?”

“राहू दे गं अक्का. तुला काय करायचंय?”

“मला काय करायचंय! तुझं नाक पुसत मी मोठी झाले. आणि आता पाय बघू म्हटलं की नव्या नवरीसारखा लाजतोस!”

शिवणाचं दुकान बहीणभावाचं होतं. अक्का कापड कापायची, धाकटा शिवायचा. शाळा अक्काने चौथीतच सोडली होती, पण तिची नजर टेपापेक्षा पक्की आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार. आईबाप गेल्यापासून घरात तिचाच शब्द शेवटचा. असं असून हा एक मोजा तिला जुमानत नव्हता.

मग एका दुपारी मशीनखालून वास आला. गोडसर, कुबट. अक्काने भावाचा घोटा धरला आणि मोजा ओढून काढला. डाव्या तळव्याला काळपट खड्डा पडला होता आणि त्याच्या कडेला पांढरंशुभ्र लोणी थापलेलं होतं.

“टाचणी रुतली होती,” धाकटा नजर चुकवत म्हणाला. “दुकानात टाचण्या सांडतातच. रक्त दिसलं तेव्हा कळलं. साखरेचा आजार म्हणून डॉक्टर उगीच घाबरवतात. लोणीबाबांचं औषध लावतोय. जरासुद्धा दुखत नाही बघ! गुण नाही तर काय? तू एकदा येऊन बघ, मग बोल.”

अक्का गेली. जुन्या कापसाच्या गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. कुणी खरजेचं पोर कडेवर घेऊन आलेलं, कुणी म्हाताऱ्या आईला पाठुंगळी. समोर पाटावर बाबा, आणि त्याच्यापुढे काचेची दोन पातेली. एकात तेल, दुसऱ्यात पाणी. दोन्ही आरपार दिसत होती, दोन्हींतून वाफ निघत होती.

“तेल म्हणजे देह! पाणी म्हणजे आत्मा!” बाबा गरजला. “यांचं जन्मोजन्मीचं वैर! वैद्य हरले, विद्वान हरले. पण माझा श्वास पडला की वैरी गळ्यात गळे घालतात!”

त्याने पाण्यावर फुंकर मारली, ते तेलात ओतलं आणि घोटू लागला. घोटताना मंत्र. मंत्र म्हणजे किती लांब? जांभया आवरेनात. पण बघता बघता पातेल्यात दुधाचा रंग आला, मग साय, मग चमचा उभा राहील असं लोणी. बाया रडू लागल्या. अक्काच्याही अंगावर काटा आला.

तरी तिने विचारलंच, “बाबा, तेल गरम कशाला लागतं?”

“श्रद्धा गार पडली की असले प्रश्न पडतात, माई!”

सगळं गोदाम तिला हसलं. धाकटाही.

अक्का मागच्या दाराने निघाली. तिथे शेगडी होती आणि शेगडीजवळ पांढऱ्या पापुद्र्यांचा चुरा सांडला होता. तिने चिमूट उचलून चोळली. मीठ नव्हे, साखर नव्हे. दोऱ्याला मेण लावण्यात जन्म गेलेली बोटं ती. त्यांनी लगेच ओळखलं, ही मेणाचीच कुणीतरी बहीण.

अक्काने तो चुरा पदरात बांधून घरी आणला. तिची सून शाळेत विज्ञान शिकवायची. तिने चुरा उन्हात धरला, हुंगला, गरम चमच्यावर वितळवला.

“आई, हे सीटाइल अल्कोहोल दिसतंय.”

“अल्कोहोल? म्हणजे मेला दारू फासतो?”

“नाही हो! नाव तेवढं तसलं. याने झिंग येत नाही की ते उडूनही जात नाही. तेलाचरबीपासून करतात. पाण्यात विरघळत नाही, पण गरम तेलात मिसळलं की दिसेनासं होतं. आपल्या घरातल्या क्रीममध्ये, केसांच्या कंडिशनरमध्ये दाटपणा येतो तो याच्यानेच.”

“दिसतंय म्हणू नकोस. करून दाखव. आणि चारचौघांत दाखव.”

सुनेने सामान आणलं. दुकानात धाकटा बसला होता आणि त्याच्या नादाने बाबाकडे जाणारी निम्मी गल्ली जमली होती. तेलात पापुद्रे विरघळले, तेल पुन्हा नितळ झालं. गरम पाण्यात साबणासारखी पूड गेली, पाणीही नितळ.

“तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवते ती ही पूड,” सून म्हणाली. “आणि गार होताना त्याला घट्ट करतं ते हे मेण. आई, तुम्ही घोटा. मंत्र म्हणा.”

“मला कुठला आलाय मंत्र?” अक्का म्हणाली आणि तिने घोटता घोटता बाबाला शिव्यांची लाखोली वाहिली. चोरा, लुच्च्या, गिधाडा, तुझ्या पातेल्याला भोक पडो! लोक पोट धरून हसले. शिव्या सरत आल्या तसं पातेल्यात लोणी उभं राहिलं. हसू थांबलं.

“मंत्र लांब असतो तो यासाठी,” सून म्हणाली. “गार व्हायला वेळ लागतो.”

तेवढ्यात एक म्हातारा हात जोडून पुढे आला. “अक्का, म्हणजे तुमच्याही जिभेवर सिद्धी आहे!”

अक्काने कपाळावर हात मारला.

धाकटा मात्र हसत नव्हता. “मग माझं दुखणं कसं थांबलं?”

सुनेचा आवाज खाली आला. “मामा, ते सुरूच झालं नव्हतं. साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्यात. टाचणी कळली नाही, तसंच आतलं सडणंही कळलं नाही. हे क्रीम वाईट नाही, भेगा मऊ करतं. पण ते कातडीच्या वर राहतं. हाडापर्यंत गेलेली जखम त्याने कशी भरेल?”

त्याच संध्याकाळी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईने जखम तपासली. लवकर आणलं असतं तर नुसत्या मलमपट्टीवर भागलं असतं, एवढंच म्हणाली. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बाबा त्याआधीच गाशा गुंडाळून दुसऱ्या गावी पसार झाला होता.

खाटेवर धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. उजव्या पायात तोच लोकरीचा मोजा.

“मला वास येत होता, अक्का,” तो म्हणाला. “तुझ्याआधीपासून. पण निम्मी गल्ली मीच नेली होती त्याच्याकडे. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?”

अक्का खाटेच्या कडेवर बसली. चादर जिथे सपाट झाली होती तिथे तिचा हात गेला आणि तिथेच राहिला.

“ऐक. त्याने तुला फसवलं, त्याचा दोष तुला नाही. एवढी माणसं माना डोलावत होती, मीही क्षणभर भुलले. पण तुझं नाक तुला खरं सांगत होतं आणि तू त्याच्यावर मोजा चढवलास. हा दोष तुझा, आणि तो मी पोटात घालणार नाही. प्रश्न विचारला की ज्याला राग येतो त्याच्या हातचं औषध या घरात पुन्हा येणार नाही. मशीन एका पायानेही चालतं, मी चालवून बघितलंय. पण हा पाय रोज सकाळी उजेडात मला दाखवायचा. लाजलास तर याद राख. चल, काढ मोजा.”