खुर्चीपासून ओट्यापर्यंत

त्या घरात सासऱ्यांना इकडची काडी तिकडे करावी लागत नसे. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची खुर्ची. शेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या, चष्मा, गोळ्यांची डबी आणि एक छोटी घंटी. घंटी वाजली की सून हातातलं काम टाकून येई. चहा आणणं, पायांत चपला सरकवणं, पंखा कमी-जास्त करणं, सगळं तीच करी. बघणारे म्हणत, सून असावी तर अशी. आणि ती होतीच तशी. सासऱ्यांची सेवा हा तिचा नेम होता आणि तो तिने एक दिवसही चुकवला नव्हता.

सासरे एके काळचे बसकंडक्टर. धावत्या गाडीत कशालाही न धरता चौतीस वर्षं उभे राहिलेले. गेल्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, नुसतं खरचटलं, पण मुलगा घाबरला. यापुढे बाबांनी उठायचं नाही, लागेल ते मागायचं, असं त्याने बजावलं आणि तळहातावरच्या फोडासारखं त्यांना जपणं सुरू झालं. आधी आधी बरं वाटलं. मग खिडकीतला रस्ता रोज थोडा लांब गेल्यासारखा वाटू लागला. आलागेला निघाला की ते खुर्चीतूनच हात हलवत. दोन जिने उतरून खाली गेल्याला अकरा महिने झाले होते. कोणी विचारलं तर म्हणत, "मजेत आहे. राजाच झालोय." राजाला सिंहासनावरून उठता येत नव्हतं, एवढंच.

एका सकाळी आरोग्य केंद्रातली सिस्टर घरोघर फिरत त्यांच्याकडे आली. इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी हालचालीचा वर्ग सुरू झाला होता, आठवड्यातून तीन दिवस, फुकट. दिवसभर मशीनवर बसणारी शिंपीण, पोट सुटलेला दुकानदार, अशी चाळिशीतली माणसंही त्यात येत होती. मुलाने ऐकून घेतलं आणि उंबऱ्यातच नकार दिला. बाबा पडले तर जबाबदार कोण, हा त्याचा प्रश्न. सिस्टरने वाद घातला नाही. आत येऊन तिने सासऱ्यांना हातांची घडी घालून, कशालाही न धरता उभं राहायला सांगितलं.

ते पुढे झुकले. मांड्या थरथरल्या. अंग दोन बोटं वर उचललं आणि धपकन खाली आलं. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी सून धावली, तर सिस्टरने तिचं मनगट धरलं.

"हात देऊ नका, ताई."

"अहो, पडतील ते!"

"न्हाणीघरात पडले तेव्हा काकांना खरचटलं होतं. पाय गेले ते या खुर्चीत." सिस्टरचा आवाज चढला नाही. "असंच चाललं तर वर्षभरात खुर्ची जाईल आणि पलंग येईल. ताई, चहा हातात देणं ही सेवाच. पण त्यांना चहापर्यंत येऊ देणं ही त्याहून अवघड सेवा. जमेल?"

सासरे मान खाली घालून बसले होते. शेवटी मुलगाच म्हणाला, आधी डॉक्टरांना विचारू.

केंद्रातल्या डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं, हरकत नाही म्हणाले. मुलाने भिंतीला धरायला दांडी बसवली. आणि एका सकाळी सुनेने चहा ओट्यावर ठेवून तिथूनच हाक मारली.

घंटी वाजली. ती गेली नाही. घंटी पुन्हा वाजली, मग तिसऱ्यांदा, जोरात. मग सासरे बोलू लागले. आता मी जड झालो, उद्या घराबाहेरही काढाल, असं बरंच काही. सुनेने दोन्ही हातांनी ओट्याची कड घट्ट धरली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. एवढ्या दिवसांचा नेम मोडताना तिला वाटलं, आपल्या हातून पाप घडतंय. बराच वेळ गेला. मग खुर्ची करकरली, दांडीवर हात सरकल्याचा आवाज आला. अकरा पावलं. दारात ते धापा टाकत उभे होते. चहावर साय धरली होती. तो तसाच प्यायले.

"उद्या लवकर निघालात तर गरम मिळेल," ती डोळे पुसत म्हणाली.

पुढे सिस्टर वरच येऊन उठबस करून घेऊ लागली. घरात ते फिरू लागले, पण जिन्याच्या तोंडाशी आले की पाय मागे सरत.

महिन्याभराने नणंद आली. बापाला भांडं हातात घेऊन पाणी ओतून घेताना तिने पाहिलं आणि तिचा पारा चढला. भावाला, वहिनीला, दोघांनाही तिने सोडलं नाही. वहिनींना आता एक पेला पाणी देणंही होत नाही का, इथपर्यंत गेली. शेवटी सासरेच म्हणाले, "पोरी, वर्षभर तू आलीस, गेलीस. एकदा तरी मी तुला दारापर्यंत पोचवलं?"

निघताना नणंदेने वाकून नमस्कार केला, तर सासरे उठले. दोन्ही हात मांडीवरून काढून उठले. जिन्याच्या तोंडाशी थांबले, कठडा धरला आणि पहिलं पाऊल खाली टाकलं. नणंदेचा हात आपसूक पुढे झाला. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मानेनेच नाही म्हटलं. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, मधल्या वळणावर दम खात, ते तळमजल्यावर आले; सून मागोमाग होती. लेक वळून वळून बघत रस्त्याला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते फाटकात उभे होते.

"बाबा, वर जाताना?" सुनेने हळूच विचारलं.

"आधी त्या वर्गात जरा बसू. तूही चल. जिना चढताना तुझे गुडघे कुरकुरतात, मला वरून ऐकू येतं."

वाचकहो, आपल्याही घरात असं एखादं माणूस खुर्चीला खिळलेलं असेल, त्याच्याशेजारी सगळं हाताशी मांडलेलं असेल. माया कमी करू नका. फक्त पाण्याचा तांब्या थोडा दूर ठेवा, आणि ते उठेल तेव्हा आपले हात आवरून जवळ उभे राहा. जपता जपता माणूस जखडला जातो, हे कळायला त्या घराला अकरा महिने लागले.