रानगुलाबाची फळं आणि मी, जुनी ब्युरेट

मित्रांनो, मी काचेची एक जुनी ब्युरेट आहे. ज्यांनी मला पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: हातभर लांब नळी, अंगावर बारीक रेघा आणि तळाशी तोटी. थेंब थेंब सोडायचा आणि किती सोडलं ते दाखवायचं, एवढंच माझं काम. पण ते मी चोख करते आणि त्याचा मला गर्व आहे. आहे तर आहे!

कोलकात्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. कालिंदीबाई मुलींना म्हणायच्या, "शंका आली तर हिला विचारा." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पुढे नवी यंत्रं आली. बाईंनी निवृत्त होताना मला मागून घेतलं आणि डमडमच्या घरी नेलं. तिथे मी नऊ वर्षं कपाटात, जुन्या साडीत गुंडाळलेली पडून होते. फार एकटं वाटायचं.

या जानेवारीत मात्र माझं नशीब उघडलं. फोर्ट विल्यमला राहणारी चैत्राली मराठी मंडळींच्या ओळखीतून बाईंकडे आली. तिचे बाबा लष्करात, नुकतेच लडाखहून बदलून आलेले. निघताना तिथल्या मैत्रिणीने तिला रानगुलाबाची वाळलेली लाल फळं दिली होती. रविवारी मराठी मंडळींचा संक्रांतीचा मेळावा होता.

"कालिंदीआजी, यात लिंबापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं, असं मी सगळ्यांना सांगून बसलेय," ती म्हणाली. "आता मेळाव्यात दाखवायचं कसं?"

बाईंनी फळं चिरली, बिया आणि खाजरी कुसळं काढून टाकली आणि गर भिजत घातला. दुसऱ्या दिवशी ते लाल पाणी गाळून, त्यात थोडी भाताची पेज घालून माझ्याखाली ठेवलं. माझ्यात आयोडीन भरलं. क जीवनसत्त्व आहे तोवर ते आयोडीन गिळतं. जीवनसत्त्व संपलं की पेजेमुळे पाणी निळं पडतं. मी जेमतेम दोन थेंब सोडले आणि पाणी निळं झालं.

"म्हणजे काहीच नाही?" चैत्रालीचा चेहरा उतरला.

"ही ब्युरेटच म्हातारी झाली गं," बाई म्हणाल्या. " गळत असणार. भंगारात देऊन टाकते."

इतक्या वर्षांच्या चाकरीचं हे बक्षीस! मला रडू आलं असतं, पण माझी तोटी घट्ट बंद होती.

"आजी, आधी लिंबावर करून बघूया ना," चैत्राली म्हणाली.

लिंबाच्या रसाला मी अगदी हवं तेवढंच आयोडीन दिलं, म्हणजे मी गळत नव्हते. बाई विचारात पडल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि एक लखलखीत पातेलं घेऊन आल्या. ते तांब्याचं होतं. आरोग्याला चांगलं म्हणून त्या रोज त्यातलं पाणी प्यायच्या.

"तांब्याच्या संगतीत क जीवनसत्त्व नासतं, हे मी पस्तीस वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या, "आणि फळं भिजवली ती यात!" हसता हसता त्यांचा चष्मा घसरला.

"पण उरलेलं पाणी तर लालच आहे."

"रंगाची द्रव्यं वेगळी. तीही गुणाचीच. कापलेलं सफरचंद काळं पडतं ना, तसली झीज शरीरात होऊ नये म्हणून ती झटतात. पण रंग बघून क जीवनसत्त्व कळत नाही."

उरलेली फळं काचेच्या वाडग्यात भिजली. या वेळी मी थेंब सोडतच राहिले. लिंबाची रेघ मागे पडली, तिच्या दुप्पट झालं, तरी पाणी लालच! चैत्राली टाळ्या पिटत होती. बाईंनी मला हळूच पुसलं आणि म्हणाल्या, "चुकले गं बाई."

मेळाव्यात दोन्ही पाणी मांडली होती, तांब्यातलं आणि काचेतलं, आणि मध्ये मी. तिळगूळ हातात धरून लोक रांगेत उभे होते. एका काकूंनी तर घरी फोन करून तांब्याच्या जगमधलं लिंबूसरबत ओतून द्यायला लावलं.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना वापरून झाल्यावर धुऊन, उलटं टांगून ठेवा. आम्ही खूप टिकतो. आणि आमचं उत्तर कधी आवडलं नाही, तर आम्हाला खोटं ठरवण्याआधी एकदा आपलं पातेलं बघा.