काटेरी बोंडाची खुर्ची

आमच्या इंग्लंडातल्या सॉमरसेटच्या टेकडीवरची हवेली म्हणजे एक संग्रहालय, अमेरिकेच्या जुन्या वस्तूंनी भरलेलं. अमेरिकेचे पलंग, अमेरिकेच्या गोधड्या, बागेतली झाडंसुद्धा तिकडचीच. बघायला येतो आम्ही इंग्रज, तेही बहुतेक केक खायला.

मी आणि मेव्हिस तिथे फुकट राबतो. दालनात थांबायचं, कुणी हात लावला तर गोड बोलून हटकायचं. मेव्हिसचे गुडघे पार कामातून गेलेत, पण नवरा गेल्यापासून गोधड्यांच्या खोलीशिवाय तिला चैन पडत नाही. कोपऱ्यात आमच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर टेकत टेकत ती दुपार काढायची.

मग पिअर्ससाहेब संचालक म्हणून आले. गळ्यात रेशमी रुमाल, डोक्यात हवा. त्यांना म्हणे त्या खुर्चीमुळे खोलीतलं जुन्या काळाचं वातावरण बिघडताना दिसलं. खुर्ची गेली. उभं राहणं झेपत नसेल तर घरी आराम करा, हे त्यांनी इतक्या साखरेत घोळून सांगितलं की मेव्हिस उलट आभार मानून आली. काय म्हणावं हिला?

जुन्या सामानात खपून जाईल म्हणून तिने आपल्या स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणली. आमच्याकडे मांडलेल्या खुर्च्यांवर एकेक वाळकं काटेरी बोंड ठेवतात, म्हणजे पाहुणे समजून घेतात आणि बसत नाहीत. चहाला जाताना मेव्हिसने आपल्या खुर्चीवरही एक ठेवलं, कुणी बळकावू नये म्हणून.

झालं. आम्ही परतलो तर साहेब एका अमेरिकन बाईंना तीच खुर्ची दाखवत होते. मिसेस व्हॅनडॉर्न, मोठ्या देणगीदार, हातात काठी. या साधेपणात म्हणे अख्खी अमेरिका सामावली होती, आणि सुताराची श्रद्धा पायापायांतून दिसत होती. बोंड दिसलं की वस्तू थोर, एवढीच या माणसाची विद्या.

पाहुण्यांसमोर साहेबांची फजिती कशी करायची, असं मेव्हिस कुजबुजली आणि स्वतःच्याच खुर्चीशेजारी भिंत धरून उभी राहिली. गुडघे लटपटत होते. मला साहेबांपेक्षा तिचाच जास्त राग आला.

साहेब बोलतच होते. बोलता बोलता मिसेस व्हॅनडॉर्न पांढऱ्याफटक पडल्या. जरा बसता येईल का, त्यांनी हळूच विचारलं. खालच्या चहाघरात छान सोय आहे, साहेब म्हणाले. म्हणजे दोन जिने उतरून.

तेव्हा मेव्हिस पुढे झाली आणि तिने बोंड उचललं.

"बसा बाई. माझ्या स्वयंपाकघरातली आहे. सकाळी हिच्यावरच बसून टोस्ट खाल्लाय."

मिसेस व्हॅनडॉर्न बसल्या. दम खाल्ला. मेव्हिस पुन्हा भिंतीला टेकलेली त्यांनी पाहिली, तिचे गुडघे पाहिले, आणि मग साहेबांकडे वळल्या.

"आणि ह्या कुठे बसतात?"

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. उरलेल्या सगळ्या खुर्च्यांवर बोंडं होती.